पोथीची न उघडलेली पानं

संपादकांचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात खळीत होते. म्हणाले, "बाई, आमच्या दिवाळी अंकासाठी लिहा. इतकी वर्षं पोथ्या बांधताय, किती पवित्र काम! भाविकांचे हृद्य अनुभव असतीलच की." मी म्हटलं, पवित्र म्हणाल तर खळीत मोरचूद घालावा लागतो, नाहीतर पवित्र ग्रंथ झुरळं खातात, आणि झुरळं सोवळंओवळं पाळत नाहीत. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. तेव्हा आधीच सांगून ठेवते, डोळ्यांत पाणी आणायला बसला असाल तर पान उलटा. पुढच्या लेखात कुणीतरी हिमालयात गेलेलं असेलच.

पंचवटी कारंज्याच्या मागच्या बोळात आमचं बाइंडिंगचं दुकान आहे. मूळ वडिलांचं, अण्णांचं. ते कचेऱ्यांची रजिस्टरं बांधायचे आणि चातुर्मास जवळ आला की पोथ्या. पुढे रजिस्टरं कॉम्प्युटरात गेली आणि पोथ्या उरल्या. भाऊ म्हणाला, "मला नको हा चिकट धंदा." मग मी बसले. बाई बाइंडिंग करते म्हटल्यावर सुरुवातीला लोक नुसतं बघायलाच यायचे, सर्कस आल्यासारखे. पोथीला बाईचा हात चालतो का, असंही एकाने विचारलं होतं. त्याला म्हटलं, "तुमच्या घरात पोथीवरची धूळ कोण पुसतं हो?" पुढे सवय झाली सगळ्यांना. आता बरोबरीचे मला 'बाइंडरबाई' म्हणतात, लहान असतील ते मावशी.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोथी म्हणजे हल्ली सुटी पानं नसतात, शिवलेला जाडजूड ग्रंथ असतो. मोठा कागद छापून त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक गठ्ठा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचायचे, पाठीकडून सुईदोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावायची, वर कापड, मग पुठ्ठा, आणि शिकंज्यात आवळून ठेवायचं. शिवण धड असेल तर पोथी दोन पिढ्या टिकते. हल्ली नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या पोथ्या येतात, त्या दुसऱ्या पारायणालाच पानं गाळायला लागतात. अर्थात दुसरं पारायण करतो कोण, हा प्रश्न आहेच.

कारण पोथी कोण किती वाचतं, ते मला कुणी सांगावं लागत नाही. वाचणाऱ्याचा अंगठा बोलतो. रोज पान उलटलं की खालच्या कोपऱ्याला तेलाचा, हळदीचा, घामाचा डाग पडतो. पहिला अध्याय काळाकुट्ट, दुसरा पिवळसर, तिसऱ्यापासून पुढे पान कसं कोरं करकरीत, नव्या नवरीसारखं. हे जवळजवळ प्रत्येक घराचं. आणि मधे काय काय निघतं! औषधाच्या चिठ्ठ्या, मोरपीस, गाडीचं पीयूसी, लग्नाच्या मुलींचे फोटो, सुकलेली तुळस, बंद पडलेलं सिमकार्ड. एकदा तर उपवासाची राजगिरा चिक्की निघाली, अर्धी खाल्लेली. देवघरातलं कपाट म्हणून पोथीचा उपयोग उत्तम होतो, यात शंका नाही.

एक काकू आल्या होत्या. बोलताना हात असे हलवत होत्या की बांगड्या मोजून घ्याव्यात. "आमच्याकडे तीन पिढ्या ही पोथी वाचली जाते हो. पोथीला विचारल्याशिवाय आमच्या घरात पान हलत नाही." मी पोथी उघडून बघितली. पहिला फर्मा सोडला तर सगळी जोडपानं. जोडपान म्हणजे काय, तर छापखान्यात कडा नीट कापल्या गेल्या नाहीत की दोन पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच राहतात, पाकिटासारखी. त्यांच्या पोटात दोन बाजू छापलेल्या असतात, पण त्या दिसतच नाहीत. पान उलटलं की दोन्ही एकदम उलटतात. वाचायचं तर आधी सुरीने कड उघडावी लागते. तीन पिढ्यांत एकालाही सुरी सापडली नव्हती. काकूंना दाखवलं तर म्हणाल्या, "अगंबाई! म्हणजे किती जपून वापरली आहे बघा!"

माझा नियम असा की जोडपान दिसलं की बोथट सुरीने उघडायचं. अण्णांनी लावलेली शिस्त. कुणी वाचो न वाचो, पोथी दुकानातून बाहेर जाताना तिचं प्रत्येक पान मोकळं असलं पाहिजे. मी स्वतः काही ते वाचत बसत नाही. वाचत बसले तर संध्याकाळपर्यंत दोन पोथ्यासुद्धा व्हायच्या नाहीत. लोकांना वाटतं, ही बाई म्हणजे चालताबोलता वेद असणार. कसली हो! हलवाई कुठे रोज पेढे खातो?

एक बिल्डर आला. बंगल्यातल्या देवघराला जांभळे पडदे लावले होते, म्हणून पोथीला जांभळं कापड हवं. इथपर्यंत ठीक. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "मॅडम, यात शाप फार आहेत. वाचून मन निगेटिव्ह होतं. लोभी माणसाला असं होईल, जमीन बळकावणाऱ्याला तसं होईल. तेवढी पानं काढून टाका ना. आशीर्वादाची ठेवा फक्त." मी म्हटलं, "साहेब, मग जांभळ्या पुठ्ठ्यात एवढीशी चोपडी उरेल." तर म्हणाला, "चालेल, हँडी होईल." नाही केलं मी ते काम. दुसऱ्या कुणीतरी करून दिलं असणार. या गावात कशालाच नाही म्हणत नाहीत.

येवल्याकडचे दोघे भाऊ आले होते, वाटणी झालेली. घर अर्धं, माग अर्धे, विहिरीचं पाणी आळीपाळीने, आणि वडिलांची पोथी राहिली होती. थोरला म्हणाला, "बाई, मधोमध कापा आन् दोन पुस्तकं करा. भांडान नको." मी मधला फर्मा काढून दाखवला. नेमका तिथे भावाभावांच्या मायेचा अध्याय होता. "हा कापू का?" धाकटा मान वाकडी करून बघत राहिला. म्हणाला, "त्यो त्याला द्या. त्यालाच लय गरज हाय." त्यावरून दोघे माझ्या ओट्यावर असे जुंपले की शेजारच्या फुलवाल्याने हाराच्या टोपल्या आत घेतल्या. शेवटी अखंडच बांधली. सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. वाचत नाहीत, पण ने-आण करण्याच्या निमित्ताने एकमेकांच्या घरी पाणी पितात म्हणे.

सगळेच असे असतात असं नाही. नाशिकरोडकडच्या वसाहतीतले गायकवाड सर, बौद्ध घरातले, शाळेत शिकवायचे. त्यांच्या धर्मग्रंथाची पाठ निखळली होती. सगळ्या पानांना सारखे डाग, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी कडा कापायला घेतल्या तर ओरडलेच, "ताई, समास कापू नका! माझं भांडण तिथं आहे." बघितलं तर समासात पेन्सिलीने बारीक बारीक लिहिलेलं. 'हे मी पाळतो का?' खाली 'नाही.' त्याखाली, बहुधा काही वर्षांनी, 'अजून नाही.' एका ठिकाणी नुसतं 'जमलं.' मी त्या कडांना हात लावला नाही. वेडीवाकडी दिसते ती पोथी, पण माझ्या हातून गेलेल्या चांगल्या कामांत मी ती मोजते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. नानांची.

नाना म्हणजे गंगापूर रोडचे एक निवृत्त सरकारी अधिकारी. पांढरा शुभ्र सदरा, कपाळाला बुक्का, आणि बोलणं असं की समोरचा अर्ज घेऊन उभा आहे. त्यांच्या घरी पोथीला कौल लावायची पद्धत. काही घरांत असते ती. अडचण आली की अंघोळ करून पोथीसमोर बसायचं, प्रश्न मनात धरायचा, डोळे मिटून पोथी उघडायची आणि बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते देवाचं उत्तर. फ्रीज कुठल्या कंपनीचा घ्यावा इथपासून नाना विचारत. देवाला त्या कंपन्यांची नावं कशी माहीत असणार, हा माझा आपला बाळबोध प्रश्न.

नानांच्या घरात दोघंच, ते आणि मुलगी अश्विनी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा कॅनडात. त्याला पाठवताना कौल लावला नव्हता, तेव्हा फक्त व्हिसा मिळतो का एवढंच बघितलं. अश्विनीच्या वेळी मात्र पोथी. पुण्याचं चांगलं स्थळ आलं, कौल लावला, पोथी म्हणाली नको. येवल्याच्या शाळेत नोकरी मिळत होती, पोथी म्हणाली नको. दरवेळी एकच अध्याय उघडायचा, नावाड्याच्या लेकीचा. म्हातारा नावाडी लेकीला सांगतो, मी आहे तोवर वल्हं सोडू नकोस. ती सोडत नाही. आणि अध्यायाच्या शेवटी पुण्य लाभल्याचं सांगितलंय. नाना डोळे पुसत म्हणायचे, "बघ अश्विनी, मी काही बोललो का? पोथीच बोलली." आणि अश्विनी आपली घरी शिकवण्या घेत, बापाच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत राहिली. तिशी कधीच ओलांडली होती.

नाना पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा पोथीची पाठ त्याच अध्यायाशी दुभंगली होती. शिवणीचा दोरा तुटून फर्मा अर्धा बाहेर आलेला. मी सरळ सांगितलं, "नाना, पोथी जिथे जास्त दाबली जाते ना, तिथेच उघडते. यात देवाचा काही संबंध नाही. पाठ मोडली आहे तिची."

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरले. "बाई, तुम्ही बाइंडर. तुम्हाला खळ दिसते. आम्हाला देव दिसतो. गुरुवारी कौल लावायचा आहे, बुधवारी तयार पाहिजे."

अश्विनी मागे उभी होती, हातात पिशवी. दुसऱ्या दिवशी दुपारी एकटीच आली. रेल्वेच्या परीक्षेत ती पास झाली होती. मनमाडला नेमणूक, पाळीची ड्यूटी, तिथेच राहावं लागणार. वयाची अट संपत आलेली, म्हणजे ही शेवटचीच. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. गुरुवारचा कौल त्यासाठीच होता.

मी म्हटलं, "अगं, मनमाड म्हणजे काय सातासमुद्रापार आहे? सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत."

"बाबांना विचारा. त्यांना ते कॅनडाहून लांब वाटतं."

मला मग राहवलं नाही. माझ्या हातातली विद्या तिला सांगून टाकली. नवी बांधलेली पोथी ताठ असते. ती कुठेही आपसूक उघडत नाही. बांधून झाली की बाइंडरने पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं असं हलक्या हाताने दाबत तिची पाठ सैल करायची असते, म्हणजे ती सगळीकडे सारखी उघडते. पण एकाच जागी जोर देऊन दाबली, तर जन्मभर तिथेच उघडणार. "बोल," मी म्हटलं, "कुठलं पान हवंय? राजकन्या दिग्विजयाला निघते ते शोधून दाबून ठेवते. गुरुवारी तुझा बाप स्वतः तुला हळदकुंकू लावून गाडीत बसवेल." मला तर उत्साहच आला होता. देवाची सही मारायची संधी रोज कुठे मिळते?

अश्विनी हसली, पण मान हलवली. "नको मावशी. मग मी फसवून गेले असं होईल. आयुष्यभर मनात राहील ते. मला जायचंय, पण त्यांना सांगून, त्यांच्या तोंडून 'जा' ऐकून." मग हळूच म्हणाली, "नाही म्हणाले तर नाही जाणार मी. माझ्याच्याने होणार नाही. म्हणून तर भीती वाटते."

मला तिचा राग आला. खरंच आला. एवढी शिकलेली पोरगी, आणि एका मोडक्या शिवणीवरून आयुष्य ठरवायला निघालेली. पण दुसऱ्याच्या घरातलं, आपण किती बोलणार? मी सगळे फर्मे सुटे केले, नवा दोरा घातला, सवयीने जोडपानं उघडली. बरीच निघाली. पाठीला दोनदा खळ दिली आणि सगळीकडून सारखी सैल केली. ना तिच्या बाजूने, ना त्यांच्या.

बुधवारी संध्याकाळी बापलेक दोघं आले. आमच्याकडे पद्धत आहे, नव्याने बांधलेली पोथी वाचायला पहिल्यांदा गिऱ्हाइकाने उघडायची. मी पाटावर लाल कापड घातलं, हळदकुंकवाची डबी पुढे केली. नाना म्हणाले, "मुहूर्त चांगला आहे. मग कौल इथेच लावून टाकू. उद्याची वाट कशाला बघायची?" उत्तर ठाऊक असलेल्या माणसाची घाई होती ती. अश्विनीने पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरला.

नानांनी डोळे मिटले, ओठ हलले, पोथी उघडली, बोट ठेवलं. डोळे उघडून वाचू लागले. देवाच्या लग्नातल्या पंगतीचं वर्णन होतं. बोट भरल्या वांग्यांवर पडलं होतं.

"बाबा," अश्विनी म्हणाली, "येताना वांगी घ्यायची का?"

"थट्टा नको. हात घसरला." नानांनी पुन्हा डोळे मिटले. या खेपेस युद्धातल्या हत्तींची मोजदाद निघाली. तिसऱ्यांदा पोथी उघडली ती थेट शेवटच्या पानावर, जिथे छापखान्याने धूप-उदबत्तीची जाहिरात दिली होती. कौल तीनदा लावायचा नसतो, हे मला माहीत आहे. त्यांनाही असणार.

नाना लालबुंद झाले. "काय केलंत तुम्ही हिला? इतकी वर्षं कशी बरोबर उत्तर द्यायची! बिघडवलीत माझी पोथी!"

"दुरुस्त केली, नाना."

"हिला दुरुस्त म्हणतात? कशाला काही मेळ नाही! थांबा." त्यांनी पानं सरासर उलटत नावाड्याच्या लेकीचा अध्याय स्वतःच काढला. "हे बघ, अश्विनी. हे काय सांगतंय ते ऐक." आणि मांडी ठोकून, खड्या आवाजात, त्यांनी वाचायला सुरुवात केली.

पोथी वाचणाऱ्यांची एक चाल असते. जीभ पुढे धावते, डोकं मागे कुठेतरी चपला शोधत असतं. नाना त्या चालीत वाचत गेले. म्हातारा नावाडी म्हणाला, वल्हं सोडू नकोस. लेक थांबली. नानांनी अंगठा ओला करून पान उलटलं, आणि त्याच चालीत पुढे वाचत राहिले. पण या वेळी दोन पानं एकदम उलटली नाहीत. एकच उलटलं.

पुढे असं होतं: एके संध्याकाळी नावाड्याच्या लक्षात येतं, या पोरीने अख्खं गाव पार केलं, पण स्वतः तिने पलीकडच्या काठाला पाय कधी लावला नाही. तो विचारतो, तुला जावंसं वाटत नाही? ती म्हणते, तुम्हाला भीती वाटते म्हणून नाही गेले. म्हाताऱ्याला लाज वाटते. तो वल्हं स्वतः घेतो, लेकीला उतारू म्हणून नावेत बसवतो, पलीकडे नेतो आणि सांगतो, माझी भीती मी सांभाळतो, तू जा. आणि मग पुण्य. ते पुण्य लेकीला नव्हतंच. ते नावाड्याला होतं.

हे सगळं नानांनी खड्या आवाजात, चालीवर वाचलं. 'तू जा' हेसुद्धा. आवाज त्याच्या पुढच्या ओळीवर थांबला. मी ते पान स्वतः कापलं होतं आणि एक अक्षर वाचलं नव्हतं. म्हणजे नानांइतकीच मीही आ वासून बसले होते.

नानांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं, आकडे तपासले. "ही भलत्याच पोथीची पानं घुसवलीत तुम्ही."

आकडे त्यांच्या डोळ्यांसमोर एकामागून एक नीट होते.

"बाबा," अश्विनी म्हणाली. आवाज हळू होता, पण ठाम. "कौल झाला."

"हा कौल नव्हे! कौल डोळे मिटून लावतात!"

"हो ना. आज पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून वाचलंत." मग ती खाली त्यांच्याशेजारी पाटाजवळ बसली. "मी सोमवारी जाते बाबा. रविवारी सगळ्या गोळ्या डब्यांत भरून ठेवते. दर सुट्टीला येईन." नानांनी पोथी कापडात गुंडाळली, पिशवीत कोंबली आणि मला नमस्कारही न करता बोळातून चालू लागले. अश्विनीने जाताना माझा हात दाबला. खळीचा हात, तिच्याही हाताला खळ लागली असेल.

ती सोमवारी मनमाडला गेली. नानांनी सगळ्या गंगापूर रोडला सांगून टाकलं, बाइंडरबाईने पोथी बिघडवली. त्याचा परिणाम मोठा मजेशीर झाला. लोक पोथी घेऊन येतात आणि बजावतात, "मावशी, शिवण नवी घाला, पण जोडपानं असतील तर राहू द्या हं तशीच." म्हणजे आत काय लिहिलंय याची भीती आहे, विश्वास आहे तो फक्त पुठ्ठ्यावर. एका बाईंनी तर सांगितलं, "आता मी मोबाइलवरच ऐकते. भाजी निवडता निवडता होऊन जातं." मधे शाम्पूची जाहिरात येते, तीही त्या हात जोडून ऐकत असणार. माझी नजर आता कमी झाली आहे, सुईत दोरा ओवायला फुलवाल्याला हाक मारावी लागते. माझ्यामागे हे दुकान कुणी चालवणार नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? धंद्याचं वाटतं, पोथ्यांचं जास्त वाटतं. इतक्या पोथ्या मी उघडून दिल्या, आणि लोकांनी त्या घरी नेऊन मिटवल्या.

तर, परवा नाना आले. बऱ्याच महिन्यांनी. सदरा तोच, पण इस्त्री नव्हती. लाल कापडातली पोथी पाटावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, हिचं काहीतरी करा. पुन्हा बिघडली आहे. कुठूनही उघडा, तेच पान येतं."

मी पोथी हातात घेतली, नुसती सैल धरली. उघडली ती नावाड्याच्या अध्यायात, पण जुन्या जागी नाही. त्या पुढच्या पानावर, जिथे म्हातारा वल्हं हातात घेतो. खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा डाग होता, ताजा, पिवळसर. रोजचा. त्या पानाची शिवण सैल झाली होती.

"ही पानं होती तशी चिकटवून द्या," नाना म्हणाले.

"देते. खळ ताजीच आहे. पण तुम्हाला ती पाठ झाली असतील, त्याला मी काय करू?"

मी खोचून बोलले होते. माझी जीभच तशी आहे. नाना चिडतील असं वाटलं. ते चिडले नाहीत. स्टुलावर बसले. मग म्हणाले, "घर फार शांत असतं हो, बाई. पोथी वाचली तरी माझाच आवाज येतो."

मी फुलवाल्याला हाक मारून चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि नंबर लावला. म्हातारी माणसं बोलतात तसं स्पीकरवर.

"अश्विनी, अगं, नाशिकरोडहून मनमाडला सकाळची कोणती गाडी बरी पडते?"

पलीकडे फलाटावरची घोषणा ऐकू येत होती. ती संपल्यावर पोरगी म्हणाली, "बाबा, पोथी काय म्हणते?"

नानांनी माझ्याकडे बघितलं, मग पाटावर उघड्या पडलेल्या पानाकडे.

"पोथी म्हणते," नाना म्हणाले, "जा."